टोमॅटो आणि कोथिंबीर एकाच रंगाची का झाली?

पत्र: काका नमस्कार, मी कोथरूडला राहते, आयटीत नोकरी करते. मैत्रिणीकडून जुना कॅनन डीएसएलआर घेतलाय, सोबत १८-५५ ची लेन्स आणि ५० एमएम. मला ब्लॅक अँड व्हाइट खूप आवडतं पण माझे फोटो नुसते राखाडी येतात, धुळकट. मंडईतले, पर्वतीवरून काढलेले, पालखीतल्या वारकऱ्यांचे, आईचा नारायणपेठीतला, सगळे रंगीत असताना बरे दिसतात आणि फोनमधल्या ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केले की मेलेले. दादा म्हणतो कॉन्ट्रास्ट वाढव, तर आईच्या चेहऱ्यावर डाग पडल्यासारखं होतं. मामा म्हणतो फसलेला फोटो लपवायलाच लोक ब्लॅक अँड व्हाइट करतात. लाल फिल्टर घेऊ का? की फक्त ब्लॅक अँड व्हाइटच काढणारा कॅमेरा? की सरळ फिल्म? चार फोटो जोडलेत, मूळ रंगीतपण आहेत.

उत्तर:

अगं, खरेदीचा विषय आधी बाजूला ठेव, त्याकडे नंतर येतो. मूळ रंगीत फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण गडबड कुठे झालीये ते त्यातच दिसतंय.

मंडईतला फोटो घे. टोमॅटोचा ढीग, शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या, मागे मावशी बसल्यात. रंगीत फोटोत लाल आणि हिरवा एकमेकांच्या अंगावर धावून येतायत आणि तेच बघून तू बटण दाबलंस, बरोबर? आता रंग काढल्यावर दोन्हींची एकच राख झाली. कारण ते रंग वेगळे होते पण त्यांचा उजळपणा जवळपास सारखाच होता. रंग गेला की उरतो तो फक्त उजळपणा, आणि तोच सारखा असला तर टोमॅटो कुठे संपला आणि कोथिंबीर कुठे सुरू झाली तेच कळत नाही. यात कॉन्ट्रास्ट वाढवून काय होणार, उजळ आहे ते अजून उजळ, गडद आहे ते अजून गडद, पण हे दोन सारखे करडे जिकडे जातील तिकडे जोडीनेच जातात. म्हणून दादाचा उपाय इथे लागू पडत नाही. आणि आईच्या गालावर जी हलकीशी सावली होती ती मात्र ओढून ओढून डाग झाली.

तर पहिलं काम, ॲपमधले तयार फिल्टर वापरणं बंद. ते ॲप तांबडा, हिरवा, निळा यांचं एक ठरलेलं प्रमाण धरून करडा बनवतं, त्याला तुझा टोमॅटोही माहीत नाही आणि तुझी आईही. त्याऐवजी जिथे प्रत्येक रंगाला स्वतःचा स्लायडर असतो असं सॉफ्टवेअर घे, लाइटरूममध्ये आहे, पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गेल्यावर लाल वर ने, हिरवा खाली आण, टोमॅटो चमकायला लागतील आणि कोथिंबीर मागे जाईल. उलटं केलंस तर कोथिंबीर पुढे येईल. कुठलं बरोबर? ते तू ठरवायचं, म्हणजे फोटोत बघणाऱ्याने आधी कुठे बघावं असं तुला वाटतं त्यावर. मला विचारशील तर या फोटोत दोन्ही नकोत, मावशींचे हात हवेत, त्यांच्यावर वरून छान उजेड पडलाय आणि तू भाजी बघत बसलीस.

हे सगळं करायचं तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढावा लागेल. जेपेगमध्ये एका रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात, तुझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १४ बिट असतील तर १६,३८४. स्लायडर जरा ओढला की जेपेगमध्ये आकाशात पट्टे दिसायला लागतात ते यामुळे. आणि एक सोय आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, कॅमेऱ्यात रॉ अधिक जेपेग लाव आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम कर. मग मागच्या पडद्यावर फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसतो पण रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सोय, चालू केलीस तर फोटो काढायच्या आधीच समोरचं सगळं करडं दिसतं, डोळ्याला लावायच्या भिंगातून मात्र रंगीतच दिसणार, तिथे आरशातून समोरचं जसंच्या तसं दिसतं, त्याला काही करता येत नाही. सराव करायला अजून एक, फोनच्या सेटिंगमध्ये पडदा ग्रेस्केल करता येतो, तसा करून कॅमेरा नुसता चालू ठेव आणि तुळशीबागेतून एक चक्कर मार. फोटो काढू नकोस. रंगाने गजबजलेली अख्खी गल्ली कशी सपाट होते आणि एखादं साधं स्टीलचं पातेलं कसं एकदम उठून दिसतं ते बघ.

आता आईचा फोटो. इथे जरा थांबून बोलतो कारण यात लोक फार घोळ घालतात. चेहऱ्याचा रंग बहुतेक करून केशरी आणि लाल स्लायडरवर असतो. तो वर नेला की चेहरा गोरा होतो, डाग-सुरकुत्या कमी दिसतात, आणि आपल्याकडे गोरं दिसण्याचं वेड असल्यामुळे सगळे तो वर ढकलतात. पण कुंकूही लालच आहे ना! लाल वर गेला की कुंकू कपाळात विरघळून जातं. तुझ्या एका प्रयत्नात तेच झालंय, आईचं कपाळ मोकळं दिसतंय, आणि तिने बघितलं तर तिला ते अजिबात आवडणार नाही हे मी पैजेवर सांगतो. घरात पणजीचा वगैरे जुना फोटो असेल तर काढून बघ, त्यात कुंकू काळंकुट्ट दिसेल, कारण त्या काळी फोटो टिपायच्या काचेच्या प्लेटांना आणि सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तिथे त्यांच्या दृष्टीने अंधार. निळा मात्र भरपूर दिसे, म्हणून त्या फोटोंमधलं आकाश कायम पांढरंफटक. तर तू लाल थोडा खाली ठेव आणि केशरी किंचित वर, फार नाही. कुंकू गडद राहील, चेहरा मोकळा होईल. नारायणपेठीच्या काठाचाही लाल त्याच स्लायडरवर आहे, तो पण गडद होईल आणि जरीच्या पिवळ्यापासून सुटा होईल, म्हणजे दोन कामं एकात.

आणि आईला गोरी करू नकोस. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम, म्हणजे उजळपणाच्या पायऱ्यांची पद्धत, बसवली, त्यात शून्य म्हणजे मिट्ट काळा, दहा म्हणजे कोरा पांढरा, आणि मधला पाचवा झोन म्हणजे मध्यम करडा, एकेका झोनमध्ये एकेक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फरक. त्यांच्या हिशोबात गोऱ्या माणसाचा उन्हातला चेहरा सहाव्यात बसतो. आपले गव्हाळ, सावळे चेहरे पाचव्याच्या आसपास बसतात आणि तिथेच ते सुंदर दिसतात, त्यांच्यावर गालाच्या हाडाची, कपाळाची जी चमक येते ती गोऱ्या केलेल्या चेहऱ्यात राहतच नाही.

याच झोनवरून पालखीचे फोटो. तुझे वारकरी पांढऱ्याऐवजी करडे आलेत आणि तुला वाटतंय की ढगाळ हवा होती म्हणून. हवा होतीच, पण मुख्य कारण कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर. त्याला समोर काय आहे ते कळत नाही, तो जे दिसेल त्याची सरासरी मध्यम करड्यावर आणून ठेवतो. फ्रेमभर पांढरी धोतरं, सदरे, टोप्या असतील तर त्यांनाही करडं करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय, अधिक एकवर ने, तुझ्या कॅमेऱ्याला एव्ही लिहिलेलं बटण असेल ते दाबून चाक फिरवायचं. पण हे डोळे मिटून करू नकोस हं, कारण एकच पांढऱ्या कपड्यातले आजोबा काळ्या दगडी भिंतीसमोर उभे असतील तर उलटं होतं, मीटर भिंतीला उजळ करायला जातं आणि आजोबांचा सदरा जळून जातो, तिथे उणे एक लागेल. फोटो काढल्यावर पडद्यावर जिथे जास्तच पांढरं झालंय ते लुकलुकतं, ती सूचना चालू करून ठेव. सदऱ्याच्या चुण्या लुकलुकायला लागल्या की समज गेलं. काळ्यात लपलेलं बरंचसं रॉमधून वर काढता येतं, एकदा जळालेला पांढरा परत येत नाही.

ढगाळ हवेबद्दल एवढंच सांगतो की आषाढातला तो उजेड चेहऱ्यांसाठी उत्तम असतो, डोळ्यांत सावल्या पडत नाहीत, सुरकुत्या मऊ दिसतात. फक्त वर आकाश घेऊ नकोस. पर्वतीवरच्या फोटोची तीच अडचण आहे, अर्धी फ्रेम पांढरं आकाश आणि खाली धुरकट शहर. यात लाल फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची लाल काच, लावूनही काही झालं नसतं, कारण लाल फिल्टर आकाश गडद करतो ते त्यातल्या निळ्यामुळे, आणि तुझ्या आकाशात निळा नव्हताच. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, धुतलेलं निळं आकाश आणि पांढरे ढग असतात तेव्हा जा, सॉफ्टवेअरमध्ये निळा स्लायडर थोडा खाली आण, ढग अंगावर येतील. थोडाच हं. फार खाली ओढला की आकाशात दाणे दिसायला लागतात आणि इमारतींच्या कडेने पांढरी रेघ उमटते, मग कितीही चांगला फोटो असो, बघणाऱ्याला आधी ती रेघ दिसते. आणि पर्वतीला गेलीसच तर शहर सोड, त्या १०३ पायऱ्यांचे काढ, ऊन तिरपं असताना. दगडी पायरीची वरची बाजू उजळ, उभी बाजू गडद, यात रंगाचं काही कामच नाही, सगळा उजेडाचा खेळ.

आणि मला खरं बोलायचंय ते यावरच. स्लायडर हा नंतरचा इलाज आहे. रंगीत फोटोत दोन वस्तू रंगामुळे सुट्या होतात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्या उजेडामुळे सुट्या व्हायला पाहिजेत, आणि ते काम जागेवरच करायचं असतं. समोर काय आहे यापेक्षा उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं. डोळे किलकिले करून बघ, बारीकसारीक सगळं जातं आणि फक्त काळे-पांढरे ठोकळे उरतात, ते ठोकळे चांगले दिसतायत का तेवढं बघायचं. गडद माणसामागे उजळ भिंत, उजळ माणसामागे गडद दार. नसेल तर दोन पावलं सरक, बऱ्याचदा तेवढ्यानेच होतं. प्रभातचा स्टुडिओ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आला, पुढे त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, तर त्या प्रभातच्या काळातले सिनेमे आवाज बंद करून बघ. माणसाच्या मागून केसांवर, खांद्यावर उजेडाची एक बारीक कड दिलेली असते, ती नसती तर काळे केस मागच्या काळोखात बुडून गेले असते. तुझ्या आईला खिडकीजवळ, खिडकी जरा मागे आणि बाजूला येईल अशी बसवलीस तर तीच कड फुकटात मिळते.

पुण्यात याचा सराव कुठे करायचा विचारलं नाहीस पण सांगतोच. कसब्यातली तांबट आळी. तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम चालतं तिथे, अंधारी दुकानं, दारातून येणारा एकाच बाजूचा उजेड आणि हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा भांड्यावर उमटलेला छोटासा खोलगट ठसा, प्रत्येक ठशाला एक उजळ बाजू आणि एक गडद. तांबं केशरी असतं, तो स्लायडर जरासा वर नेला की भांडं आतून पेटल्यासारखं दिसतं. मात्र आधी बोल, विचार, थोडा वेळ बस, कामाच्या घाईत असलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. दुसरी जागा पाताळेश्वर, जंगली महाराज रस्त्यावर इतकी वर्दळ असूनही आत शांत, आठव्या शतकातलं लेणं, पुढे तो गोल नंदीमंडप. अख्खं काम एकाच काळ्या खडकातलं, म्हणजे रंग तसाही नाहीच, तू फक्त खांब, सावली आणि बाहेरचं ऊन यांच्याशी खेळायचं. आत आणि बाहेर उजेडाचा इतका फरक असतो की दोन्ही एकदम मिळणार नाही, बाहेरचं सांभाळ आणि आतले खांब काळे होऊ देत, तेच छान दिसतं. ट्रायपॉड नेऊ नकोस, अशा वास्तूंमध्ये त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ यावा म्हणून वाढवायचा आकडा, १६०० किंवा ३२०० कर, घाबरू नकोस, रंगीत फोटोत जे लाल-हिरवे ठिपके त्रास देतात ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगासकट जातात आणि उरलेले दाणे खपून जातात.

अजून एक, मे महिन्यातल्या दुपारी रंगीत फोटोवाले घरी झोपतात. तू टोपी घालून पेठांत जा. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, त्या वेळी उभ्या भिंतीवर उजेड वरून खाली घासत येतो आणि जुन्या वाड्यांच्या दगडी जोत्यातला प्रत्येक टवका, प्रत्येक खिळा खाली लांब सावली टाकतो. माणसांचे फोटो मात्र तेव्हा नकोत, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात.

फोन वापरतेस तर एवढं लक्षात ठेव की हल्लीचे फोन स्वतःहून सावल्या उजळ करतात, लोकांना सगळं स्वच्छ दिसलेलं आवडतं म्हणून. ते आपल्याला नको असतं. प्रो मोड असेल तर त्यात रॉ काढ, नसेल तर पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढ.

एडिटिंगमध्ये क्लॅरिटी नावाचा, मधल्या करड्यांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर आहे त्याच्यापासून जपून रहा, तो नवशिक्यांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घातक. त्याऐवजी ब्रश घेऊन हाताने काम कर, जिथे नजर जायला हवी तिथे थोडं उजळ, फ्रेमच्या कडेला एखादी पांढरी प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ती गडद. डार्करूममध्ये हेच काम कागदावर पडणारा उजेड हाताने अडवून किंवा जास्त वेळ पाडून करायचे.

आता खरेदी. लाल फिल्टर नको. फिल्मसाठी तो उत्तम, पण तुझ्या कॅमेऱ्याच्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी असतात, त्यावर लाल काच लावलीस की फक्त पाव ठिपक्यांना नीट उजेड मिळतो, शिवाय साधारण तीन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच. तेच काम स्लायडर फुकट करतो. फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारे कॅमेरे आहेत, लायकाने २०१२ मध्ये एक आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये, त्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसते म्हणून बारकावे फार सुरेख येतात. पण जाळी नाही म्हणजे नंतर रंगांचे स्लायडरही नाहीत, आईचं कुंकू आणि चेहरा सुटा करायचा तर फोटो काढतानाच काच लावावी लागणार. आणि लायकाची किंमत बघितलीस तर घरातले तुला बाहेर काढतील. फिल्म हौसेने कर, एखादा जुना कॅमेरा आणि चारशे आयएसओचा इल्फर्डचा किंवा कोडॅकचा रोल, मजा येते, ३६ फोटोच असल्यामुळे आपोआप विचार करून बटण दाबलं जातं. पण आत्ता नको. चूक कुठे झाली ते फिल्ममध्ये फार उशिरा कळतं आणि दर चुकीला पैसे पडतात.

मामांना सांग की तुम्ही अर्धे बरोबर आहात. रंग विचित्र आले म्हणून बरेच जण ब्लॅक अँड व्हाइट करतात, आणि ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि दुकानाची हिरवी पाटी असा तिन्ही प्रकारचा उजेड एका फोटोत असला तर ते करण्यात काही गैरही नाही. पण उजेडच वाईट असेल तर रंग काढल्यावर ते लपत नाही, जास्तच उघडं पडतं. तुझे चार फोटो त्यांना दाखव हवे तर!

राहिलं प्रिंटचं. तू विचारलं नाहीस पण ब्लॅक अँड व्हाइट फोनवर बघून कळत नाही. साध्या लॅबमध्ये देशील तर ते रंगीत फोटोच्याच कागदावर काढतात, त्यामुळे करड्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. ज्यांच्याकडे करड्या शाईच्या वेगळ्या बाटल्या असलेला इंकजेट आहे अशांना शोध, आणि देण्याआधी नमुना बघायला माग, देत नसतील तर दुसरीकडे जा. कागद मॅट घे. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून फाइल पडद्यावर बरी दिसते त्यापेक्षा थोडी उजळ करून दे. आणि पहिल्यांदा मोठा प्रिंट काढू नकोस, पोस्टकार्डाएवढे दोन-तीन वेगवेगळ्या उजळपणाचे काढ, दिवसा खिडकीत धरून बघ, त्यातला जो आवडेल त्या फाइलचा मोठा कर.